केर्किराचे बँडवाले

आमचे अण्णा क्लॅरिनेट वाजवायचे. साताऱ्याजवळच्या आमच्या गावच्या बँडमध्ये ते तीस वर्षं होते. लग्नसराईत पहाटे घरी परतायचे, लाल कोट खुंटीला लावायचे आणि क्लॅरिनेटचे सांधे एकेक करून उलगडून ओसरीवर मांडायचे. ते पुसायचं काम माझं. रीड, म्हणजे तोंडात धरायची पातळ पट्टी, मात्र ते स्वतः पुसत आणि सुपारीच्या एका छोट्या डबीत ठेवून देत. मी नऊ-दहा वर्षांची असताना एका लग्नाला त्यांच्याबरोबर गेले होते. वरात मांडवाच्या दारात पोचली, बँड थांबला आणि यजमानांकडचं कुणीतरी म्हणालं, "वाजंत्र्यांना मागं बसवा. शेवटच्या पंगतीला बघू." शेवटची पंगत बसली तेव्हा जिलेबी संपली होती. अण्णा काही बोलले नाहीत. मांडवामागच्या सतरंजीवर बसून रीड पुसत राहिले.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी कराडच्या शाळेत गणित शिकवत शिकवत निवृत्त झाले. माझा भाचा ग्रीसमध्ये पात्रासच्या विद्यापीठात संशोधन करतो. 2024 च्या फेब्रुवारीत त्याचा फोन आला, "आत्या, ईस्टरला ये. तुला एक बेट दाखवायचंय. तिथं सगळं गाव बँडमागं चालतं." मी तिकीट काढलं ते त्या एका वाक्यावर.

त्या बेटाला आपण नकाशात कॉर्फू म्हणतो, तिथले लोक केर्किरा म्हणतात. ग्रीसच्या वायव्य टोकाला, अल्बानियाच्या किनाऱ्याला अगदी खेटून ते आहे. मुख्य भूमीवरच्या इगुमेनित्सा बंदरातून मोठ्या बोटीनं दीड-दोन तासांत पोचता येतं. वस्ती लाखाच्या आसपास. ग्रीसचा बहुतेक मुलूख शतकानुशतकं तुर्कांच्या ताब्यात होता, पण केर्किरावर 1386 पासून 1797 पर्यंत व्हेनिसचं राज्य होतं. मग फ्रेंच आले, 1815 पासून इंग्रजांची सत्ता आली आणि 1864 साली बेट ग्रीसला मिळालं. त्यामुळे शहर ग्रीक असलं तरी घरं व्हेनिसच्या धाटणीची आहेत. चार-पाच मजली उंच, लांब खिडक्यांची घरं आणि त्यांच्या मधून दोन माणसं जेमतेम शेजारून जातील अशा गल्ल्या. या गल्ल्यांना तिथं 'कांदूनिया' म्हणतात. दोरीवर वाळत घातलेले कपडे या घरातून त्या घरात. समोर स्पियानादा नावाचं भलं मोठं मैदान आहे. इंग्रजांनी 1823 मध्ये त्या मैदानावर क्रिकेट खेळायला सुरुवात केली आणि बेटावर ते आजही खेळलं जातं, हे ऐकून मला परक्या जागी घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

आम्ही शनिवारी पोचलो. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च ईस्टरची तारीख जुन्या ज्युलियन पंचांगानुसार काढतं, म्हणून त्यांचा ईस्टर बहुतेकदा आपल्याकडच्या ख्रिस्ती बांधवांच्या ईस्टरनंतर येतो. त्या वर्षी आपल्याकडे तो 31 मार्चला झाला होता, तिथं 5 मे रोजी होता. केर्किरात व्हेनिसच्या काळापासून कॅथलिक लोकही राहतात. ते मात्र आपल्या ऑर्थोडॉक्स शेजाऱ्यांबरोबरच, त्यांच्याच तारखेला सण करतात.

आम्ही जिथं उतरलो त्या घरच्या बाई सत्तरीच्या होत्या. मी त्यांना 'कीरिया' म्हणायची, म्हणजे बाईसाहेब. भाचा ग्रीक बोलतो, त्यामुळे आमचं बोलणं त्याच्या तोंडून चालायचं. त्यांचा बारा वर्षांचा नातू त्यांच्याकडेच राहत होता. पहिल्याच संध्याकाळी जिन्यावरून एक काळी पेटी घेऊन तो धावत खाली उतरला. पेटी बघताक्षणीच मी ओळखली. क्लॅरिनेट.

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. सकाळी रस्त्याच्या कडेला उभी होते, आणि पहिला बँड वळणावरून आला. मग दुसरा. मग तिसरा. बेटावर असे सतरा-अठरा बँड आहेत. त्यांना तिथं 'फिलार्मोनिकी' म्हणतात. शहरात तीन मोठे आणि बाकीचे खेड्यापाड्यांतले. या एका मिरवणुकीत ते सगळे चालतात. लाल गणवेश, निळे गणवेश, पितळी शिरस्त्राणं, त्यांवरचे तुरे. प्रत्येक वाद्यावर लहानसा चिमटा लावलेला आणि त्यात पोस्टकार्डाएवढा स्वरलिपीचा कागद. सगळ्यात पुढं आठ-दहा वर्षांची मुलं-मुली, मागं पांढऱ्या मिश्यांचे ट्युबावाले. भाच्यानं शेजारच्या माणसाला विचारून मला सांगितलं की तो ट्रम्पेटवाला दातांचा डॉक्टर आहे, त्याच्या बाजूचा नळ दुरुस्त करतो आणि झांजवाली मुलगी बँकेत आहे. यातला कुणीही वाजवायचे पैसे घेत नाही.

आणि या सगळ्या बँडच्या मागून येते ती पालखी. दुसरा शब्द मला सुचत नाही. तिच्या आत, काचेमागं, उभ्या अवस्थेत संत स्पिरिदोन आहेत. मूर्ती नव्हे, त्यांचा देह. चौथ्या शतकातले हे संत मूळचे सायप्रसचे. मेंढपाळ होते, पुढे बिशप झाले. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर एका धर्मगुरूनं त्यांचा देह पोत्यात घालून खेचरावर लादला आणि वाटेत विचारणाऱ्यांना 'चारा आहे' असं सांगत तो इथवर आणला, अशी कथा आहे. तेव्हापासून ते या बेटाचे झाले. लोक नाव घेत नाहीत, नुसतं 'आयिओस' म्हणतात, म्हणजे 'संत'. घरोघरी मुलांची नावं स्पिरोस. आयिओस रात्री उठून लोकांच्या मदतीला हिंडतात, म्हणून त्यांच्या पायातल्या भरतकामाच्या सपाता झिजतात, अशी श्रद्धा आहे. सपाता बदलल्या की जुन्यांचे तुकडे भाविकांना देतात. कीरियांच्या पाकिटात तसा एक तुकडा होता. कापडी चौकोन, नखाएवढा. त्यांनी तो माझ्या तळहातावर क्षणभर ठेवला आणि परत घेतला.

पालखी वर्षातून चारदा निघते. झावळ्यांच्या रविवारची पालखी 1629-30 च्या प्लेगमधून शहर वाचलं म्हणून. ईस्टरच्या आदल्या दिवशीची, सोळाव्या शतकातल्या दुष्काळात धान्याची गलबतं बंदराला लागली म्हणून. 11 ऑगस्टची, 1716 मध्ये तुर्कांचा वेढा उठला म्हणून. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारची, 1673 च्या प्लेगसाठी. या बेटावर इतिहास पाठ करावा लागत नाही. संकटाची तारीख आली की लोक त्या आठवणीमागं चालतात.

पण बँड कुठून आले? हा प्रश्न मी कीरियांना विचारला. त्यांनी उत्तर नातवावर सोपवलं आणि त्यानं मला शाळेतल्यासारखं उभं राहून सांगितलं. व्हेनिसच्या काळात इथं सान जाकोमो नावाचं नाट्यगृह होतं. अठराव्या शतकापासून तिथं इटालियन ऑपेरा होत असत, त्यामुळे बेटाच्या कानात सूर आधीच होते. पुढे इंग्रजांच्या राजवटीत त्यांचा लष्करी बँड संतांच्या मिरवणुकीत वाजवायचा. 1830 च्या दशकात इंग्रजांनी ठरवलं की आपला बँड ऑर्थोडॉक्स मिरवणुकीत जाणार नाही. झालं! आयिओसची पालखी मुकी निघायची वेळ आली. केर्किराच्या लोकांनी 1840 मध्ये स्वतःची संस्था काढली. तीच 'जुनी फिलार्मोनिकी', लाल गणवेशाची. तिचे पहिले कलासंचालक निकोलाओस मांत्झारोस. घरचे सरदार, पण गावातल्या गरिबांच्या मुलांना फुकट संगीत शिकवणारे. कवी दिओनिसिओस सोलोमोस यांच्या 'स्वातंत्र्यस्तोत्रा'ला त्यांनीच चाल दिली आणि ती आज ग्रीसचं राष्ट्रगीत आहे. 1890 मध्ये त्यांच्या नावानं दुसरी संस्था निघाली, निळ्या गणवेशाची, आणि 1980 मध्ये कापोदिस्त्रियास यांच्या नावानं तिसरी. गावोगावच्या संस्था वेगळ्या.

मांत्झारोस यांनी घातलेला पायंडा आजही मोडलेला नाही. या संस्थांमध्ये मुलांना संगीत फुकट शिकवतात. मूल सात-आठ वर्षांचं झालं की दारात नेऊन उभं करायचं. आधी स्वरलिपी वाचायला शिकायची, मग वाद्य हातात मिळतं, तेही संस्थेचंच. वर्षभर संध्याकाळी वर्ग, तालमी. मी गणिताची शिक्षिका, मला हिशेब लगेच दिसला. सण एका आठवड्याचा असतो, पण तो आठवडा उभा राहतो उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांच्या रोजच्या तासाभरावर. लोक म्हणतात केर्किराचा ईस्टर सुंदर असतो. मला तिथं कळलं की तो सुंदर 'असत' नाही. तो दर संध्याकाळी एका बाकावर, एका मुलाच्या बोटांखाली, थोडा थोडा घडवला जातो.

सोमवारी आणि मंगळवारी आम्ही तालीम ऐकायला गेलो. खिडक्या उघड्या होत्या. रस्त्यावर खुर्ची टाकून दोन म्हातारे बसले होते आणि एका जागी सूर घसरला की दोघंही एकाच वेळी मान हलवत. मंगळवारी रात्री चर्चमध्ये कासियानीचं स्तोत्र झालं. नवव्या शतकातली ही जोगीण. तिनं एका पापी स्त्रीच्या तोंडून लिहिलेला पश्चात्ताप अकराशे वर्षांनंतरही गातात, आणि त्या एका स्तोत्रासाठी चर्च ओसंडून वाहतं. केर्किराच्या गायनात इतर ग्रीक चर्चसारखा एकच स्वर चालत नाही. 1669 मध्ये क्रीट पडल्यावर तिथले निर्वासित आपली गायकी घेऊन या बेटांवर आले, त्यामुळे इथं अनेक आवाज एकमेकांत गुंफलेले असतात.

शुक्रवार हा दुःखाचा दिवस. ख्रिस्ताच्या मृत्यूचा. प्रत्येक चर्चमध्ये लाकडी नक्षीची एक शवपेटिका फुलांनी मढवतात. तिला 'एपिताफियो' म्हणतात. दुपारपासून रात्रीपर्यंत, एकामागून एक, वेगवेगळ्या चर्चमधून या शवयात्रा निघतात आणि त्यांच्याबरोबर बँड संथ पावलांनी चालतो. शेवटची यात्रा शहराच्या मुख्य चर्चची, रात्री दहाच्या सुमाराची. तिच्यात शहरातले तिन्ही बँड असतात. जुनी फिलार्मोनिकी अल्बिनोनीच्या नावानं ओळखला जाणारा अडाजिओ वाजवते, मांत्झारोस यांच्या नावाची संस्था व्हेर्दीचा शोकमार्च. आम्ही एका कांदूनीच्या तोंडाशी उभे होतो. बँड दिसायच्या आधी ऐकू येतो. आधी मोठ्या ढोलाचा एक ठोका, दगडी भिंतींवरून घसरत आलेला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एक. मग अंधारातून क्लॅरिनेटची ती लांब, सावकाश ओळ. माणसं हातात मेणबत्त्या घेऊन उभी. कुणी बोलत नव्हतं. कीरियांचा नातू माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते मला फार आवडलं. वाजवताना अण्णाही कधी कुणाकडे बघत नसत.

त्याच दिवशी दुपारी, यात्रेला निघण्याआधी, हाच मुलगा जिन्यात बसला होता. रीड तोंडात धरून भिजवत होता, अगदी अण्णांसारखा, एका गालात. मी भाच्याला म्हटलं, "त्याला सांग, माझे वडील म्हणायचे, चालताना वाजवायचं तर श्वास पायात ठेवायचा. पाऊल पडलं की घ्यायचा, छातीनं घ्यायचा नाही." भाच्यानं सांगितलं. मुलानं रीड काढून उत्तर दिलं. भाचा हसला. "आत्या, तो म्हणतो, त्याचे सरही हेच सांगतात. आणि विचारतोय, तुझे वडील कुठल्या फिलार्मोनिकीत होते?"

त्या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायचं? मी गावाचं नाव सांगितलं.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला पुन्हा आयिओसची पालखी. तिच्यापुढं त्यांच्या चर्चची शवपेटिकाही होती, शुक्रवारच्या ऐवजी शनिवारी. त्यालाही कारण आहे. 1574 मध्ये व्हेनिसच्या अधिकाऱ्यांनी ऑर्थोडॉक्स लोकांच्या शुक्रवारच्या शवयात्रांवर बंदी घातली. लोकांनी मग ती यात्रा शनिवारी आयिओसच्या पालखीला जोडून टाकली. त्या बंदीला साडेचारशे वर्षं झाली, ती घालणारे गेले, पण यात्रा शनिवारीच निघते.

या मिरवणुकीत जुनी फिलार्मोनिकी जे वाजवते, त्याची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. फ्रांको फाच्चो नावाच्या इटालियन संगीतकारानं हॅम्लेटवर 'आम्लेतो' नावाचा ऑपेरा लिहिला. 1865 मध्ये तो जेनोआत झाला. 1871 मध्ये मिलानला झाला तेव्हा सपशेल पडला. फाच्चोनं तो मागं घेतला आणि पुढं शतकाहून अधिक काळ तो रंगमंचावर आला नाही. पण त्यातला ओफिलियाच्या अंत्ययात्रेचा मार्च केर्किराच्या बँडनं उचलला आणि मिलान विसरलं तरी इथल्या लोहार-सुतारांची, मास्तरांची, दर्यावर्दींची मुलं दर ईस्टरला तो वाजवत राहिली. नाट्यगृहात पडलेली रचना रस्त्यावर जगली. चांगल्या संगीताला राजाश्रय लागतो असं आपण म्हणतो. मला वाटतं, त्याला शिकवणारा मास्तर आणि शिकणारं पोर लागतं.

पालखी चर्चमध्ये परतली आणि स्पियानादाच्या कडेची खिडकी न् खिडकी भरून गेली. छज्ज्यांना लाल कापडं, कारण लाल हा केर्किराचा रंग. प्रत्येक छज्ज्यात मातीचे घडे, पाण्यानं भरलेले, निमुळत्या तोंडाचे, दोन कानांचे, कानांना लाल फीत. यांना 'बोतिदेस' म्हणतात. काही तर इतके मोठे की दोन माणसांनी धरलेले. बरोबर अकरा वाजता घंटा घणघणल्या. पुनरुत्थानाची पहिली वर्दी! आणि घडे खाली आले. एक नाही, शेकडो. पाणी आधी वेगळं होतं आणि चमकतं, मग माती दगडावर आदळते, आणि तो आवाज कानात नाही, पोटात घुमतो. कुणी म्हणतं ही व्हेनिसची चाल, नववर्षाला जुन्या वस्तू खिडकीतून टाकायची. कुणी बायबलमधल्या स्तोत्रात कुंभाराच्या भांड्यासारखे शत्रू फुटतात त्याचा दाखला देतं. कुणी म्हणतं ही त्याहून जुनी, वसंताची चाल. कीरियांनी यातलं काहीच सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "आठवडाभर रडलो ना? मग आता आवाज करायला नको?"

घडे फुटून संपले आणि तेच बँड, ज्यांनी तासाभरापूर्वी शोकमार्च वाजवला होता, खापऱ्यांवरून कर्रकर्र पावलं टाकत, उसळत्या चालीत निघाले. लोक वाकून खापऱ्या उचलत होते. घरात ठेवली की शुभ असते म्हणतात. मीही एक उचलली. घड्याच्या कानाचा तुकडा, फितीची गाठ तशीच असलेला.

रात्री बारा वाजता स्पियानादावरच्या बँडच्या चौथऱ्याजवळ धर्माध्यक्षांनी 'ख्रिस्तोस आनेस्ती' म्हटलं, ख्रिस्त उठला. हजारो मेणबत्त्या एकीवरून दुसरी अशा पेटत गेल्या, जुन्या किल्ल्यावरून दारूकाम सुरू झालं आणि बँड पुन्हा रस्त्याला लागले. आम्ही हाताच्या ओंजळीत ज्योत सांभाळत घरी आलो. कीरियांनी उंबऱ्याच्या वर, चौकटीवर, ज्योतीच्या काजळीनं क्रूस काढला.

आत टेबल मांडलेलं होतं. लाल रंगवलेली अंडी, 'फोगात्सा' नावाचा गोड पाव आणि मधोमध झाकलेलं मोठं पातेलं. त्यात 'त्सिलिहुर्दा', कोकराच्या काळजा-आतड्यांचं सूप. चाळीस दिवसांच्या उपासानंतरचा हा पहिला घास. सकाळपासून घरात कुणी नीट जेवलेलं नव्हतं. पाहुणे आले, कीरियांचे भाऊ आले, भावजय आली, सगळे बसले. वाफेचा वास घरभर पसरला होता. पण पातेल्यावरचं झाकण कुणी काढेना.

साडेबारा झाले. एक वाजत आला. मी भाच्याला हळूच विचारलं, "आता कुणाची वाट बघतायत?"

त्यानं कीरियांना विचारलं. त्यांना प्रश्नच समजला नाही. त्यांनी तो पुन्हा विचारायला लावला आणि मग खिडकीकडे हात केला. लांबून, दोन गल्ल्यांपलीकडून, मार्च ऐकू येत होता.

"पोरं अजून वाजवतायत," त्या म्हणाल्या. "ती आल्याशिवाय कसं वाढणार?"

एकच्या पुढं जिन्यावर पावलं वाजली. नातू आणि त्याचे दोन सोबती, लाल कोटांची बटणं उघडी, ओठ सुजलेले, केसांत घाम. सगळं टेबल त्यांच्यासाठी उठून उभं राहिलं. कीरियांनी झाकण काढलं आणि पहिले तीन वाडगे त्या तिघांना भरून दिले. मग आम्हा सगळ्यांना.

मी उभीच राहिले जरा वेळ. मग बसले आणि जेवले.